दुसऱ्यांचं लंगडणं

सरांना लोकांचं लंगडणं मनापासून आवडायचं. कोणाला जुनी नाणी जमवायची हौस असते, तशी त्यांना ही. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात ते हाडांचे सर्जन होते आणि मी त्यांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट. पुण्याहून नवी नवी आले होते. पहिल्याच सकाळी वॉर्ड शोधत कॉरिडॉरमध्ये शिरले, तर समोरून एक धिप्पाड शेतकरी काठी टेकत, डावा पाय ओढत येत होता. त्याच्या मागून टाय लावलेला, टक्कल पडलेला, गोल पोटाचा एक देशी गृहस्थ हुबेहूब तस्साच पाय ओढत येत होता. मला वाटलं, हा माणूस एक तर वेडा आहे, नाहीतर महादुष्ट.

गृहस्थ माझ्यापाशी थांबले, गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाले, "पुण्याची का? तरीच टाचा घासत चालतेस. ये, याचं बघ. हा म्हणतो गुडघा दुखतोय. मी याच्यासारखा दोन फेऱ्या चाललो, तर माझा खुबा दुखायला लागला. आता खरं कोण बोलतंय, हा की माझा खुबा?"

खुबाच निघाला. गुडघ्यासाठी आलेला तो शेतकरी खुबा बदलून घेऊन घरी गेला आणि त्याचा गुडघा दुखायचा थांबला. सरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. दुखतं एकीकडे आणि माणूस हात ठेवतो भलतीकडे, हे त्यांच्या लेखी रोजचंच होतं.

एक्स-रेवर त्यांचा राग होता. "एक्स-रे म्हणजे हाडाचा पासपोर्टचा फोटो," ते म्हणायचे. "त्यात कोणीही स्वतःसारखं दिसत नाही." त्यामुळे पेशंट आला की आधी त्याला कॉरिडॉरमध्ये चालवायचं, मग त्याच्या मागून स्वतः चालायचं, आणि मग टेबलावर बसून, डोळे मिटून, आपल्याला कुठे दुखतंय ते पाहायचं. ज्युनियर डॉक्टर आधी एकमेकांकडे बघून हसायचे. महिनाभराने तेही मागून चालायला लागायचे. कधी कधी आमच्या कॉरिडॉरमधून एका लंगड्या माणसामागे तीन धडधाकट माणसं लंगडत निघालेली दिसायची. बाहेरचं कोणी आलं की त्याला समजावता समजावता आमच्या नाकीनऊ यायचे.

आसपासच्या वायकाटो भागातल्या शेतकऱ्यांशी त्यांचं फार छान जमायचं. ही माणसं दुखण्याबद्दल बोलत नाहीत. "अ बिट सोर," असं एखादा म्हणाला की सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "मांडीचं हाड मोडलंय, लिहून घे." आणि बऱ्याचदा मोडलेलं असायचं. मग ते पेशंटला सोडून त्याच्या बायकोला विचारायचे, "याचे मोजे कोण घालतं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. बायको म्हणाली "मी", की खुबा गेला. कारण खुबा आखडला की माणसाला पायापर्यंत वाकता येत नाही, आणि पुरुषाच्या जातीला ते कबूल करता येत नाही. बायकोला मात्र रोज सकाळी मोजे घालावे लागतात, म्हणून ती खरं सांगते.

एकदा तक्रार झाली. बाहेर बाकावर बसलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने त्यांना काचेतून पाहिलं आणि हा डॉक्टर अपंगांची टिंगल करतो असं लिहून दिलं. मॅनेजर बाईंनी सरांना बोलावून फार शांतपणे समज दिली. सर फार शांतपणे ऐकत होते. निघताना दारापाशी थांबून म्हणाले, "तुमची उजवी टाच सकाळी उठल्यावर जास्त दुखते ना?" पुढच्या आठवड्यात मी मॅनेजर बाईंना टाचेचे व्यायाम शिकवले. कॉरिडॉर पुन्हा चालू झाला.

हॅमिल्टनमधल्या मराठी लोकांनी तर सरांना अगदी वेठीला धरलं होतं. आमचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. आरती संपली रे संपली की बायका पर्समधून आणि पुरुष गाडीच्या डिकीतून एक्स-रे काढायचे. सर एका हातात मोदक घेऊन दुसऱ्या हाताने ते एक्स-रे गणपतीच्या मखरातल्या दिव्यांसमोर धरायचे, बघायचे आणि परत द्यायचे. "सुंदर आहे. फ्रेम करा." त्यानंतर त्या माणसाला हॉलमध्ये चालवायचे. प्रसादाच्या रांगेत उभे असलेले लोक सरकून जागा करून द्यायचे.

सरांच्या बायकोची दातांची प्रॅक्टिस ऑकलंडला होती. ती तिथेच, हिल्सबरो उपनगरातल्या घरात राहायची, सर हॅमिल्टनला एकटे, आणि शनिवार-रविवारी कोणीतरी कोणाकडे तरी जायचं. त्यामुळे सर इतर दिवशी जेवणाच्या आशेने कोणाच्याही घरी थडकत. असे ते हॅमिल्टनच्याच रोटोटुना उपनगरात आमच्याकडे आले आणि माझ्या सासूबाईंशी त्यांचं वाजलं.

सासूबाई म्हणजे, आम्ही त्यांना आईच म्हणतो, बँकेतून निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बँकेत नोकरी करताना त्या आंतरबँक नाट्यस्पर्धा गाजवत. घरात अजून त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असाच असतो. त्या वेळी त्यांचा गुडघा दुखत होता. पुण्यातल्या एका डॉक्टरने बदलायला सांगितला होता आणि डिसेंबरमध्ये जाऊन करून यायचं असं ठरत होतं. आई स्वयंपाकघरातून आमटी घेऊन आल्या आणि मागून सर आले. आईंसारखेच. पाय फेंगडा टाकत, फटक फटक करत, हातात आमटी नसली तरी ती आहे असं दाखवत.

आईंनी वळून पाहिलं. "हे काय चाललंय?"

"काकू, तुमचा गुडघा झकास आहे," सर म्हणाले. "या जॅन्डल्स घालवा."

न्यूझीलंडमध्ये रबरी स्लिपरला जॅन्डल्स म्हणतात. आईंनी त्या सेलमध्ये घेतल्या होत्या आणि घरात, अंगणात, दुकानात, देवळात सगळीकडे त्याच घालून जायच्या. सरांनी जेवण झाल्यावर त्या उचलल्या आणि जाता जाता बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली, तेव्हा आईंना कळलं.

"काकू कोणाला म्हणतो तो? मी काय त्याची काकू शोभते? आणि माझ्या घरात माझी टिंगल?" आई आठवडाभर धुमसत होत्या. मी त्यांना टाचेला आधार देणारे बूट घेऊन दिले, मांडीचे व्यायाम लावले. डिसेंबरात गुडघा बदलायचं नाव कोणी काढलं नाही. गुडघा बरा झाल्याचं मात्र आईंनी आजतागायत कबूल केलेलं नाही. "हवा बदलली म्हणून" असं त्या म्हणतात.

आता सरांचं सांगते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या आषाढात, सर एक नवीनच लंगडणं घेऊन फिरायला लागले. उजव्या पायावर भार आला की सगळं अंग त्या बाजूला झुकायचं, आणि पाऊल उचलण्याआधी अर्धा क्षण ते थांबायचे. वॉर्डातल्या नर्सेस म्हणायच्या, "हीज गॉट अ गुड वन दिस वीक." आठवडा गेला, महिना गेला, आमच्याकडे जेवायला आले तरी चाल तीच. सरांनी मोजे घालणं सोडून दिलं. हॅमिल्टनच्या त्या धुक्यात, दात वाजवणाऱ्या सकाळी, माणूस बिनमोज्याचा, बिनलेसचे बूट घालून यायचा. कोणी विचारलंच नाही. विक्षिप्त माणसाला ही एक सोय असते, त्याने काहीही केलं तरी लोक ते विक्षिप्तपणाच्या खात्यात जमा करतात.

मी विचारलं. "सर, हे कोणाचं?"

"बेड सहाचं."

"बेड सहाचं मनगट मोडलंय."

"मनगटवाल्यांना चालताना किती त्रास होतो, तुला कल्पना नाही," ते म्हणाले, आणि निघाले. पण दोन पावलांवर त्यांनी ट्रॉलीचा आधार घेतला.

मी त्यांच्या मागून चादरींच्या खोलीत गेले, दार लावलं आणि म्हटलं, खुबा आहे ना. ते चादरींच्या गठ्ठ्यावर टेकले. बसतानाही तो पाय सरळ पुढे ठेवावा लागत होता.

"एक्स-रे काढलाय?"

"इथे काढला तर सगळ्यांना दिसेल. मग मला क्लिनिकला बसवतील. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायचं नाही, फक्त बसून तपासायचं. आणि एकदा बसवलं की या वयात कोणी परत उभं करत नाही." एवढं बोलून ते टक्कल चोळायला लागले. "मी दुसरं काय करू शकतो, सांग. तुझ्यासारखे लोकांचे पाय उचलत बसू?"

"माझ्यासारखे बसा, नाहीतर माझ्याकडे या. ऑपरेशन करून घ्या, तीन-चार महिन्यांत परत उभे राहाल. तुम्ही हेच सगळ्यांना सांगता."

"सगळ्यांचं मी करणार असतो. माझं कोण करणार? माझ्याइतका बरा माणूस इथे मी एकटाच आहे."

हे गर्वाने नव्हतं. ते घाबरले होते. शेकडो लोकांचे खुबे त्यांनी कापले, ठोकले, बसवले. त्या टेबलावर काय काय होतं ते त्यांना नको तितकं ठाऊक होतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, आणि एखाद्या दिवशी पेशंट उघडा असताना तुमचा पाय अडकला तर? मी त्यांना गणपतीपर्यंत मुदत दिली. तोवर त्यांनी स्वतः सांगितलं नाही, तर मी विभागप्रमुखांना सांगणार. सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. पेशंटची माहितीही नर्सकरवी कळवायचे. मी ऑपरेशन थिएटरमध्ये डोकावले की टेबलाला ओटीपोट टेकवून, सगळा भार डाव्या पायावर घेऊन उभे असलेले दिसायचे.

गणपती आले. सर काही बोलले नव्हते. मी मनातल्या मनात सोमवारची वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. ज्याच्याकडून मी सगळं काम शिकले, त्याची चुगली करायला जायचं, हे सोपं नव्हतं.

शनिवारी हॉलमध्ये विविध गुणदर्शन होतं. मुलांची नाचगाणी झाली, एकाने बासरीवर गाणं वाजवायचा प्रयत्न केला, आणि मग निवेदिकेने आईंचं नाव पुकारलं. आईंनी नाव दिलंय हे मला माहीतच नव्हतं. माझी मुलगी म्हणाली, "आजी हॅज बीन प्रॅक्टिसिंग फॉर वीक्स, मम्मा." घरात रात्रंदिवस त्यांच्या फेऱ्या दिसत होत्या, त्यांना मी शतपावली समजत होते.

आईंनी नकला केल्या. माइक हातात आल्यावर न सोडणारे मंडळाचे अध्यक्ष झाले. गाडीची किल्ली हातात धरून गाडीची किल्ली शोधणारी मी झाले. लोक हसून हसून बेजार. मग आईंनी साडीच्या पदराचा टाय केला, पोट पुढे काढलं, आणि चालायला लागल्या. उजव्या पायावर भार आला की अंग झुकतंय, पाऊल उचलण्याआधी थांबतायत, आणि कोणी बघत नाही असं पाहून पटकन खुर्चीची पाठ धरतायत.

हॉल हशाने दणाणला. मी सोडून सगळे हसत होते. सर पहिल्या रांगेत होते, तेही हसत होते. मग त्यांचं हसू थांबलं. ते उठून पुढे गेले, तेव्हा लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं," आई म्हणाल्या.

"मी पेशंटचं करतो. म्हणजे तुम्ही करताय तेही पेशंटचंच."

"पेशंट बदलतात हो," आई म्हणाल्या. "तुम्ही आषाढापासून हे एकच करताय."

हॉलमधला आवाज हळूहळू कमी झाला. आईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही आत्ताच, बोलता बोलता कळलंय. त्या बदला घ्यायला आल्या होत्या. त्यांचा हात पदराच्या त्या टायवर तसाच राहिला.

सर म्हणाले, "पुन्हा एकदा चाला. हळू."

आई चालल्या. सर कमरेवर हात ठेवून बघत होते. आमच्या कॉरिडॉरमध्ये बघायचे तसेच, पायाकडे नाही, खांद्याकडे.

"हा माणूस मोजे कसे घालतो?"

"घालत नाही," आई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. "मी याला एक दिवससुद्धा थांबू दिलं नसतं," ते म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले, किती तरी दिवसांनी, आणि म्हणाले, "सोमवारी मीच सांगतो." मागच्या रांगेतून त्यांची बायको उठून आली. ती त्यांच्या काखेत हात घालून रडायला लागली. "मला वाटायचं, कोणातरी पेशंटचं घरी घेऊन येतात. मी तर जेवायला बसल्यावर हे पुरे करा म्हणायचे."

ऑपरेशन ऑकलंडला झालं, कारण हॅमिल्टनमधल्या कोणाला आपला खुबा दाखवायचा नाही हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं आणि वर सर जागे होते. पडद्याच्या पलीकडून आवाज ऐकून ते सर्जनला सूचना देत होते. "अजून एक ठोका. आवाज पोकळ येतोय. घाई करू नकोस, लेका." शेवटी भूल देणाऱ्या बाईंनी त्यांना झोपवलं, सर्जनला काम करता यावं म्हणून. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं आणि सर नाकारतात.

पुढचं सगळं माझ्याकडे आलं. त्यांच्याइतका वाईट पेशंट मी पाहिलेला नाही. व्यायाम चुकवायचे, मग केले म्हणून सांगायचे, मग दुखतंय म्हणून ओरडायचे. मी म्हणायचे, सर, तुम्ही तर सगळ्यांना सांगायचात की दुखत नाही. "मला काय माहीत होतं," ते म्हणायचे. एकदा चालवताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. तेव्हा ते गंमत करत नव्हते. "परत उभं राहता येईल ना गं मला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल. मला खात्री नव्हती, पण मी म्हटलं.

महिने गेले. एक्स-रे झाला, उत्तम आला. विभागप्रमुखांनी सोमवारपासून थिएटरला परवानगी दिली. रविवारी दुपारी सरांची गाडी रोटोटुनाला आमच्या ड्राइव्हवेच्या टोकाला थांबली. ते उतरले आणि तिथेच उभे राहिले.

"काकू आहेत का? बोलाव."

आई बाहेर आल्या. सर म्हणाले, "उद्या टेबलाशी उभं राहायचंय. एक्स-रे चांगला आहे म्हणतात, पण माझा विश्वास नाही. तुम्ही बघा."

"चला," आई म्हणाल्या.

सर ड्राइव्हवेवरून आमच्या दारापर्यंत आले. आईंनी त्यांना परत गाडीपर्यंत पाठवलं आणि पुन्हा बोलावलं. मग आई स्वतः पायऱ्या उतरल्या, पदर खोचला, पोट पुढे काढलं आणि त्यांच्या मागून चालायला लागल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या.

"काय झालं?" सरांनी वळून विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"होत नाही हो तुमची नक्कल," आई म्हणाल्या. "धरायला काही सापडतच नाही. तुम्ही नुसते चालताय."

सर ड्राइव्हवेच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग नाक ओढून म्हणाले, "नीट बघा काकू, काहीतरी असेल," आणि आई नको म्हणत असताना पुन्हा गाडीकडे चालत गेले.